सोमवारची किल्ली

सोमवारी सकाळी सहाला धाकट्याने थोरल्याच्या डोक्यात चाकाचा पाना घातला, आणि तोही किल्ली ताब्यात घेऊन झाल्यावर. किल्ली हातात पडेपर्यंत तो चांगला हसतबोलत होता. मग त्याने बॉनेट उघडलं, रेडिएटरचं झाकण काढलं, आत बोट घातलं. बोटाला पांढरट बुळबुळीत काहीतरी लागलं. त्याने ते नाकाशी नेलं.

"दादा, ह्यात अंडं घातलंस?"

"कसलं अंडं?" थोरला दात घासत होता.

"गळतंय म्हणून अंडं फोडून ओतलंस आत. आणि मला सांगतोस, गाडी एकदम ओके."

थोरल्याने निवांत चूळ भरली. "माझा आठवडा चालली ना? आता तुझं तू बघ. दोन अंडी घाल."

त्यावर पाना बसला. थोरला गुडघ्यांवर आला, तोंडातला फेस लाल झाला, आणि उठता उठता त्याने धाकट्याच्या पोटात डोकं घातलं. तेच फुटलेलं डोकं. दोघे चिखलात लोळत गोठ्याच्या दारापर्यंत आले तेव्हा थोरल्याची बायको, जिला घरात सगळे मोठी म्हणत, म्हशीखालून उठली. दुधाची बादली आधी उंचावर ठेवली, मग भांडणाकडे गेली. हा क्रम तिला सवयीने ठाऊक झाला होता. पलीकडून धाकटी आली. दोघी जावांनी आपापला नवरा मागून काखेत हात घालून ओढला.

"सोडा हो! डोळा जाईल त्याचा!" मोठी ओरडली.

"जाऊ दे! एका डोळ्याने गाडी बघेल, तेवढंच दुखणं कमी दिसेल त्याला!" थोरला धापा टाकत म्हणाला.

गाडी सासऱ्यांची होती. मरताना त्यांनी जमीन वाटली, म्हशी वाटल्या, भांडी वाटली; गाडीचे काही दोन तुकडे होईनात. म्हणून ठरवून दिलं की एक आठवडा थोरल्याने चालवावी, एक आठवडा धाकट्याने, आणि जे ज्याच्या आठवड्यात मोडेल ते त्याने दुरुस्त करावं. म्हातारा मोठ्या समाधानाने गेला. आपण किती शहाण्यासारखं केलं, असंच त्याला शेवटपर्यंत वाटत असणार. गाडी तेव्हाच वीस वर्षांची होती. मागची सीट काढून तिच्यात दुधाचे कॅन बसवलेले. दहा-बारा घरांचं दूध गोळा करायचं आणि आठच्या आत डेअरीवर पोचवायचं, एवढं तिचं काम आणि एवढीच दोन्ही घरांची रोजची मिळकत.

त्या दिवसापासून गाडी कधी दुरुस्त झाली नाही. ती फक्त रविवारपर्यंत ढकलली गेली. टाकीला चीर पडली तर साबणाची वडी घासायची. सायलेन्सर लोंबला तर तारेने बांधायचा. हँडब्रेकची केबल तुटून पाच वर्षं झाली होती. ती नेमकी कुणाच्या आठवड्यात तुटली हा वाद मिटला नाही, म्हणून चाकाखाली दगड लावायची पद्धत पडली. दर सोमवारी एकाने दुसऱ्याच्या गळ्यात नवं दुखणं बांधायचं आणि ताकास तूर लागू द्यायची नाही. बायकांनीही तोंड उघडायचं नाही. ज्या आठवड्यात ज्याची पाळी, त्याची बायको गाडीत मागे कॅनजवळ बसायची, उतरून धक्का मारायची, आणि गाडीखाली उजेडाला हातातली बॅटरी धरायची. मोठीचा उजवा खांदा डाव्यापेक्षा जाड झाला होता. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा काडी होती. आता तीही भरलेला कॅन एका दमात उचलून आत ठेवत असे.

धाकट्याचा आठवडा संपला, पुन्हा थोरल्याचा आला. बुधवारी अर्ध्या रस्त्यात फॅनबेल्ट तुटला. इंजिन तापून वाफ यायला लागली. थोरला खाली उतरला, बॉनेट उघडताना हात भाजला, आणि त्या कळीचा राग कुणावर काढायचा म्हणून इकडेतिकडे पाहू लागला. रस्त्यावर मोठीशिवाय कुणी नव्हतं.

"चढावर नीट ढकललं असतंस तर एवढं तापलं नसतं!"

"मी ढकललं. एकटीने आणखी किती ढकलणार?"

"वर तोंड करतेस?"

तुटलेला बेल्ट त्याच्या हातातच होता. त्याने तो तिच्या पाठीवर ओढला, मग दंडावर. गरम रबर होतं. तिसरा वार तिने हाताने पकडला आणि धरूनच ठेवला. दोघे त्या बेल्टाची दोन टोकं धरून भर रस्त्यात उभे राहिले. मागून एक सायकलवाला आला आणि मान खाली घालून निघून गेला. मोठीला माराची लाज वाटली नाही, त्या सायकलवाल्याची वाटली.

"दूध नासतंय," ती म्हणाली.

मग त्याने सोडला. जुन्या दोरीचा पीळ घालून बेल्टच्या जागी बांधला, आणि गाडी रडतखडत डेअरीवर पोचली तेव्हा साडेआठ झाले होते. डेअरीवाल्याने कॅनचं झाकण उघडलं, वास घेतला, रांगेतल्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि कॅन पायाने आडवा केला. दूध गटारात वाहत गेलं. दुसरा कॅन. तिसरा. प्रत्येक वेळी लाथच.

"हाताने ओता ना," मोठी म्हणाली. "पाय कशाला लावता?"

"तुमच्या नासक्या दुधाला हात लावायचा पगार मिळत नाही मला." मग तो थोरल्याकडे वळला. "आणखी एकदा उशीर झाला की तुमची घरं टेम्पोवाल्याला. तो टपूनच बसलाय."

थोरला "हो साहेब" असं पुटपुटला आणि रिकामे कॅन उचलू लागला. घराबाहेर त्याचा आवाज निम्मा होत असे. ती निम्मी बाकी तो घरी येऊन पुरी करी.

शनिवारी पुढच्या डाव्या चाकाशी तेल ठिबकलेलं दिसलं. मिस्त्रीने नुसतं वाकून पाहिलं.

"ब्रेकचं तेल आहे. नळ्या कुजल्यात. चारही चाकांच्या बदला, वरचा सिलिंडरही बदला. दोन दिवस गाडी ठेवून जा."

"दोन दिवस कशी ठेवू? आणि सोमवारी तर ती धाकट्याकडे जाणार."

"मग त्याला पाठवू?"

"त्याला काही बोलू नका."

मिस्त्री हात पुसत हसला. "तुमच्या घरचा एकही माणूस मला कळत नाही. दोघं भाऊ वेगवेगळे येता आणि एकच वाक्य बोलून जाता."

हे ऐकून थोरल्याने धाकट्याला चार शिव्या हासडल्या. पण धाकटा नेमकं कशासाठी येऊन गेला होता, हे काही त्याने विचारलं नाही.

रविवारी संध्याकाळी, धाकटा बाहेर गेलेला पाहून, थोरला गाडीखाली शिरला. मोठी बॅटरी धरून शेजारी आडवी झाली.

"घट्ट धर नळी. हलू देऊ नको."

त्याने पकडीने नळी दुमडली आणि दुमडलेल्या जागी हातोडीने ठेचून ती बंद केली. दोनदा हातोडी मोठीच्या बोटावर बसली. नख काळं पडलं. ठिबकणं थांबलं. वर त्याने चिखल थापला, कुणाला दिसू नये म्हणून.

"ह्या चाकाला आता ब्रेक नाही?"

"नसेना. मागच्या डाव्याचीही मी मागे अशीच बंद केली. उजवी दोन्ही चांगली आहेत ना? दोन चाकांवर आरामात थांबते."

"भाऊजींना सांगा तरी. उतार आहे. धाकटी बसते मागे."

"तू सांगितलंस तर जीभ खेचीन."

मग तो आत बसला आणि उभ्या गाडीत ब्रेक दाबून पाहिला. पेडल दगडासारखं टणक लागलं. असा टणक ब्रेक कित्येक वर्षांत लागला नव्हता. तो एकदम खूश झाला, शीळ घालत जेवायला गेला. मोठीने काळ्या नखाचं बोट तोंडात धरलं आणि तिला जेवण गेलं नाही. उतार तिच्या डोळ्यांपुढून हलेना. घरापासून हमरस्त्यापर्यंत दोनशे पावलांचा उतार, आणि खाली ट्रक धावतात. धाकटीवर तिचा जीव होता. सासर नावाच्या जागेत तिला मिळालेलं ते एकच माणूस होतं.

सोमवारी पहाटे दोघी एकाच म्हशीच्या दोन बाजूंना बसल्या होत्या. मोठीने धारेचा आवाज चालू ठेवला आणि हळूच म्हणाली, "आज गाडीत बसू नकोस."

"का गं, जाऊबाई?"

"डाव्या बाजूच्या दोन्ही चाकांना ब्रेक नाही. ह्यांनी नळ्या ठेचल्यात. मीच धरल्या होत्या."

धाकटीच्या बाजूची धार थांबली. ती म्हशीच्या पोटाखालून वाकून बघू लागली.

"डाव्या?"

"हो."

"नक्की डाव्या? जाऊबाई, उजव्या दोन्ही आम्ही ठेचल्यात. पुढची गळायला लागली तेव्हा एक, आणि आमच्या मागच्या पाळीत दुसरी. मीच धरली होती बॅटरी."

मोठीने काळं बोट पुढे केलं आणि दुधाळ हातांवर चाकं मोजली. एक, दोन, तीन, चार. पाचवं चाक नव्हतं. तेवढ्यात अंगणात बॉनेट आपटल्याचा आवाज आला.

दोघी धावत बाहेर आल्या. आजूबाजूच्या घरांचं दूध येऊन कॅन भरून झाले होते. धाकटा गाडीत बसला होता, इंजिन घरघरत होतं, थोरला दारात उभा राहून बघत होता. गाडी अंगणाच्या वरच्या टोकाला, गोठ्याच्या दगडी भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिथून वळून रस्त्याला लागायचं.

"भाऊजी, थांबा! ब्रेक नाहीयेत!"

मोठीच्या तोंडातून ते निघालं आणि थोरला पाच ढांगांत तिच्यापर्यंत आला. पहिली थप्पड कानावर, दुसरी तोंडावर. ओठ फाटला. ती पडली तशी त्याने कमरेत लाथ घातली.

"सांगू नको म्हटलं होतं! म्हटलं होतं ना!"

"चारही बंद आहेत!" ती मातीत तोंड असताना ओरडली. "त्यांनीही ठेचल्यात! विचारा धाकटीला!"

मग धाकटा खिडकीतून बायकोकडे बघून म्हणाला, "तू सांगितलंस?" आणि थोरला म्हणाला, "उजव्या तू बंद केल्यास?" आणि दोघे एकाच वेळी एकमेकांना आईवरून शिव्या देऊ लागले. आई दोघांची एकच होती, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

"मला मारायला निघाला होतास!"

"आणि तू? मी आठवडाभर पुढच्या डाव्या एकट्या चाकावर फिरलो!"

"एका चाकावर, गाढवा? म्हणूनच ती डावीकडे ओढत होती!"

"मग सांगायचं होतंस!"

"तू सांगितलंस?"

धाकट्याने पेडल दाबून पाहिलं. "खोटं बोलतेय ही. ब्रेक तर दगडासारखा लागतोय. तुम्हा दोघांना मला उशीर करायचाय. घरं टेम्पोवाल्याला गेली की माझ्या आठवड्यात गेली म्हणणार." त्याने धाकटीला हाक मारली. "चढ मागे!"

"मी नाही चढणार."

तो उतरला, तिचा दंड धरून फरफटत आणला, तिने दाराला पाय लावला, त्याने तिच्या गुडघ्यावर दार आपटलं. ती किंचाळली. मोठीने उठून कॅनचं झाकण उचललं आणि दिराच्या पाठीत घातलं. झाकण जड, पितळी कड्याचं. तो कळवळला, तिला ढकलून पुन्हा गाडीत शिरला आणि एकटाच निघायला म्हणून त्याने गिअर टाकला. धाकटीने चाकाखालचा दगड काढला नव्हता. गाडी त्या दगडावरून धडपडत पुढे उडी मारून सुटली.

आणि थोरला आडवा गेला. गाडी वाचवायला गेला की भावाला अडवायला, की नुसता आपलाच शब्द खरा करायला, हे मोठीला पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. तो गोठ्याच्या भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात पसरून गाडीसमोर उभा राहिला.

"घाल! हिंमत असेल तर घाल अंगावर!"

धाकट्याने ब्रेक दाबला. मोठीला काचेतून त्याचं तोंड दिसलं. भाऊ थांबवेल याची थोरल्याला खात्री होती, आणि गाडी थांबेल याची धाकट्याला. त्याने दुसऱ्यांदा, सगळं अंग उचलून पेडलवर घातलं. पेडल जराही हललं नाही; तेलाला जायला एकही नळी उघडी उरली नव्हती. गाडीचा वेग माणसाच्या चालण्याइतकाच होता. एवढ्या हळू वेगात बंपर थोरल्याच्या मांड्यांना लागला आणि त्याला घेऊन भिंतीला टेकला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. मग त्याचा आवाज आला, आणि गोठ्यातल्या म्हशी दावी तोडायला लागल्या.

चौघांपैकी तिघांनी गाडी मागे ढकलली. उजव्या मांडीचं हाड कातडीतून बाहेर आलं होतं. रक्त नुसतं पाझरत नव्हतं, वाहत होतं. मोठीने गोठ्यातलं दावं मांडीच्या वर आवळून बांधलं, त्यात काठी घालून पिळलं. धाकट्याने अँब्युलन्सला फोन केला. ती दुसऱ्याला घेऊन गेली होती, दोन तास तरी लागणार होते.

"दोन तासांत संपतील हे," मोठी म्हणाली. "गाडीत घाला."

"वहिनी, ब्रेक नाहीत."

"ते आता कळलं तुम्हाला?"

तिने आणि धाकटीने भरलेले कॅन बाहेर काढून टाकले. दोन उलटले, दूध रक्तात मिसळून अंगणभर झालं. थोरल्याला पोत्यावर घालून मागच्या मोकळ्या जागेत आडवा केला. उतारावर पहिला गिअर निसटतो हे सगळ्यांना माहीत होतं. नुसता इंजिनाच्या भरवशावर धाकटा खाली गेला असता तर सरळ ट्रकाखाली. मग धाकटीनेच विहिरीचा दोर आणला, आणि खाली पोचल्यावर तो कापायला मोठीने विळा कमरेला खोचला. दोर मागच्या बंपरला बांधला, त्याची दोन टोकं दोघींनी कमरेला वेढा देऊन हातात घेतली. धाकटीचा गुडघा सुजून टम्म झाला होता.

"जमेल तुला?"

"न जमून काय करू?"

गाडी निघाली. दोघी मागे रेलल्या, टाचा मातीत रोवल्या. धाकटा एका हाताने गिअरचा दांडा धरून बसला होता, तरी विसाव्या पावलाला गिअर निसटला, आणि दोराने दोघींना एकदम पुढे खेचलं. तळहातांची सालं निघाली. टाचांखालचे खडे आत घुसले. मोठीचे पाय घोट्यापर्यंत माती नांगरत गेले. गिअर पुन्हा बसला, दोर सैल झाला, पुन्हा निसटला, पुन्हा ताणला. कमरेत जिथे लाथ बसली होती नेमका तिथेच दोर रुतत होता. मागचं दार तारेने उघडंच बांधलं होतं, त्यामुळे आतलं सगळं ऐकू येत होतं.

"तुझ्या आठवड्यात झालंय हे," थोरला कण्हत होता. "सोमवार आहे. दवाखाना तू बघायचा."

"नळी रविवारी ठेचलीस. तुझ्या आठवड्यात."

"किल्ली दिली होती मी."

"दिली नव्हतीस! खुंटीवरून मी घेतली!"

"घेतलीस म्हणजे आठवडा तुझा झाला!"

"गप्प बस, नाहीतर दुसरी तंगडी मोडीन!"

"मोड! तीही तुझ्याच आठवड्यात!"

आणि धाकट्याने खरोखरच गिअर सोडून मागे हात टाकला आणि भावाच्या छातीत गुद्दा हाणला. दोर असा ताणला की धाकटी तोंडावर पडली आणि पडल्यापडल्या ओढली जाऊ लागली. तिच्या कमरेचा वेढा सुटत नव्हता. सगळा भार मोठीवर आला. तिने दोर सोडला नाही. नवऱ्यासाठी नाही, दिरासाठी तर नाहीच. तिने सोडला असता तर धाकटी गाडीमागे उतारभर फरफटली असती, म्हणून तिने दात ओठात रुतवले, पाय एका दगडाला लावला आणि अंगात होतं नव्हतं ते सगळं मागे टाकलं. खांद्यात काहीतरी तुटलं. गाडी थबकली. गिअर बसला. धाकटी उठली, रक्ताळलेल्या तोंडाने पुन्हा मागे रेलली.

हमरस्त्याला लागताच जमीन सपाट झाली. मोठीने कमरेच्या विळ्याने दोर कापला. ट्रक गेला, दुसरा गेला, आणि मधल्या फटीतून गाडी रस्त्यावर चढली. दवाखान्यापर्यंत पुढे सगळा सपाट रस्ता होता. गाडी माणसाच्या चालीने चालली होती, पण थांबू शकत नव्हती. दोघी चार पावलं तिच्याबरोबर गेल्या.

थोरला उघड्या दारातून हात बाहेर काढून ओरडला, "अगं, चढ ना! पळ जरा! मला धरणार कोण?"

मोठीने त्याच्याकडे पाहिलं. चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता त्याचा.

"भाऊजींना सांगा," ती म्हणाली. "आठवडा त्यांचा आहे."

ती थांबली. गाडी पुढे गेली. त्याचा हात बराच वेळ दाराबाहेर तसाच होता, आणि इंजिनाच्या आवाजावरून दोघांचं भांडण पुन्हा सुरू झालेलं कळत होतं. तिला नवऱ्याची दया यायला हवी होती. ती आली नाही, आणि ती न आल्याचीच तिला भीती वाटली. ती मटकन रस्त्याच्या कडेला बसली आणि मोठ्याने रडली.

धाकटी शेजारी बसली. तिने मोठीचे सोललेले हात उलटे करून पाहिले आणि आपल्या मांडीवर घेतले.

"वर सहा कॅन भरलेले आहेत अजून," ती म्हणाली. "टेम्पोवाला साडेसातला इथूनच जातो."

मोठीने नाक पुसलं. उजवा हात उचलत नव्हता, म्हणून डाव्या हाताने धाकटीच्या खांद्याचा आधार घेऊन ती उठली, आणि दोघी लंगडत उतार चढू लागल्या.